शांतवनभाऊंची उमेदवारी

शांतवनभाऊंनी माझं माझ्याच बायकोशी अकरा वेळा लग्न लावलं आहे.

आम्ही दोघं हिंदू, संसाराला बावीस वर्षं झालेली. पण जठारपेठेतल्या आमच्या या शेजाऱ्याला पन्नाशीला टेकल्यावर पाळक व्हायचं सुचलं. तोवर ते पाण्याच्या मोटारी दुरुस्त करत. चर्चने त्यांना वर्षभर उमेदवारीवर ठेवलं आणि भाऊंनी एकेका विधीचा सराव आमच्या अंगणात मांडला.

"वहिनी, आज लग्न लावून घेता का? पोळ्या झाल्यावर आले तरी चालते."

नवरी पिठाच्या हातांनी यायची. "स्वीकार करता का?" या प्रश्नावर दर वेळी जरा विचार करून "हो" म्हणायची. तो विचार मला आवडत नसे. सराव इतका पक्का झाला की, एका खऱ्या लग्नात थोरल्या पाळकांनी शेवटची घोषणा भाऊंकडे सोपवली, तेव्हा त्यांनी भरल्या चर्चमध्ये "श्रीकांत आणि सुलभा आता पती-पत्नी आहेत" असं खणखणीत जाहीर केलं. श्रीकांत-सुलभा म्हणजे आम्ही. मागच्या बाकावर बसलो होतो. नवरदेवाच्या मामाने वळून असं पाहिलं की आम्ही जेवायलासुद्धा थांबलो नाही.

तेही निभावलं. घोडं अडलं ते मयतीपाशी. भाऊंना रडू आवरत नसे. एकदा तर मेलेल्याच्या बायकोनेच त्यांना पाणी पाजलं. शेवटी चर्चच्या मंडळीतल्या एका म्हाताऱ्या पंचांनी बजावलं, "पाळकानं लोकायले सावराचं असते. आता रडले तं दीक्षा विसरा."

दुसऱ्या दिवशी भाऊ दारात. "सर, उद्या सकाळी मराले येता का?"

गेलो. बाजेवर डोळे मिटून पडलो. "आपले शेजारी श्रीकांत सर," भाऊंनी सुरुवात केली आणि हंबरडाच फोडला.

"अहो भाऊ, जिवंत आहे मी!"

"थांबा सर, आता आलंच हाय तं रडून घेऊ द्या."

नवव्या मरणाला मात्र ते कोरडे राहिले. मला जरा वाईटच वाटलं.

पुढच्याच आठवड्यात बार्शीटाकळीला एक एकटी म्हातारी वारली. भाऊंना मीच स्कूटरवरून नेलं. कबरीपाशी आम्ही पाचच जण: भाऊ, मी, दोन खोदणारे आणि परीक्षा घ्यायला आलेले ते पंच. भाऊंनी सगळा विधी खड्या आवाजात केला, कुठे अडखळले नाहीत. जमलं, मी मनात म्हटलं. त्यांनी पुस्तक मिटलं, आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं आणि मातीत बसून आई गेल्यासारखे रडू लागले.

पंच वैतागले. "कावून? आज तं जमलं होतं ना!"

"जमलंच होतं, काका. पन हिच्यासाठी कोनीच नाई रडून राहिलं. अशी कशी जाऊ देऊ?"

मला माझीच लाज वाटली. पंच बराच वेळ काठीने माती उकरत राहिले.

"दीक्षेचं बोलतो मी वरती," ते म्हणाले. "माहे दोन्ही पोरं परदेशात हायेत. माह्या वेळेले तुमीच या."