खैरनारकाका आणि मागच्या सीटखालचा पत्रा

खैरनारकाकांच्या घरात कात्री नव्हती. काकूंची विळी होती, पण ती स्वयंपाकघराच्या हद्दीत, आणि त्या हद्दीत काकांचं काही चालत नसे. बाकी घरात कापाकापीला बंदी. मिठाईच्या पुड्याचा दोरा असो की कुरिअरने आलेलं पार्सल, काका चष्मा कपाळावर चढवून गाठ हेरत, नखाने हळूहळू सैल करत आणि सुटलेला दोरा गुंडाळून डब्यात ठेवत. दूध ते गवळ्याकडूनच घेत. पिशवीच्या दुधावर त्यांचा एकच आक्षेप होता, की तिचा कोपरा कापावा लागतो.

"कापायला अक्कल लागत नाही हो सर, सोडवायला लागते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सातपूरच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये, मोजूनमापून साचे घडवण्यात, त्यांची हयात गेली होती. मूळचे सटाण्याकडचे, पण आमच्याशी ते अगदी स्वच्छ शहरी मराठी बोलत. अहिराणी फक्त दोघांसाठी राखून ठेवलेली: एक यंत्रं आणि दुसऱ्या काकू.

मी गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलनीत त्यांचा शेजारी, पेशाने चित्रकलेचा शिक्षक. एकदा हौसेने मी त्यांना शाळेच्या चित्रप्रदर्शनाचं उद्घाटन करायला बोलावलं. मुख्याध्यापिकाबाईंनी तबकातली कात्री पुढे केली. काकांनी तिला नमस्कार केला, ती परत तबकात ठेवली आणि फितीची गाठ सोडवायला घेतली. गाठ शिपायाने मारलेली, म्हणजे पक्की. सहा मिनिटं लागली. पालक, शिक्षक आणि दीडशे मुलं ताटकळत उभी. फीत सुटल्यावर काकांनी तिची नीट घडी करून बाईंच्या हातात दिली आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी चालेल." पुढच्या वर्षी ती खरंच चालली. काकांना मात्र कोणी बोलावलं नाही.

अशा माणसाकडे उघड्या टपाची परदेशी गाडी होती. कारखान्यात मशीन बसवायला आलेला एक जर्मन साहेब जाताना ती काकांच्या हवाली करून गेला होता. लाल, दोन दारांची. कापडी टप मागे दुमडला की वर थेट आभाळ. मखमलाबादहून फुलं घेऊन येणारे टेम्पोवालेसुद्धा वेग कमी करून बघत. लोकांना वाटे, म्हाताऱ्याला या वयात हौस सुचली आहे. मलाही तसंच वाटायचं, आणि त्याची आज लाज वाटते.

गाडी ठेवण्याचं खरं कारण काकू होत्या. काही वर्षांपूर्वी एका इमारतीच्या लिफ्टमध्ये त्या एकट्या पाऊण तास अडकल्या होत्या. तेव्हापासून दार बंद झालं की त्यांचा जीव घाबरा होई. घराची दारं-खिडक्या सताड उघडी, त्यामुळे कॉलनीतली सगळी मांजरं त्यांचीच. एसटीत पाय ठेवला की त्या घाम पुसत खाली उतरत. उघडी जीप करून पाहिली, तर तिच्या हादऱ्यांनी कंबर धरली. या लाल गाडीत मात्र त्या डोक्याला स्कार्फ बांधून निवांत बसत. बाहेरचं जग त्यांना या गाडीपुरतंच उरलं होतं.

दोन हजार एक-दोनच्या सुमाराची गोष्ट. गाडी एकाएकी बंद पडली. काकांनी दोन दिवस तिच्याशी अहिराणीत बोलून निदान केलं: पेट्रोलचा पंप गेला. नवा पंप मुंबईहून आला. अडचण एवढीच, की पंप टाकीच्या आत, टाकी मागच्या सीटखालच्या पत्र्याच्या खाली, आणि टाकी उतरवायची तर मागचा सगळा ॲक्सल उतरवायचा. त्याचे बोल्ट गंजून एकजीव झालेले. द्वारका चौकातला एक मेकॅनिक पाहून गेला आणि दोन मिनिटांत म्हणाला, "काका, सीट काढा, पत्र्याला खिडकी पाडा, वरून पंप काढा. अर्ध्या दिवसाचं काम हाय." काकांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

मग सुरू झाली बोल्टांची आराधना. सकाळ-संध्याकाळ काका गाडीखाली शिरत, प्रत्येक बोल्टावर तेल सोडत, पाना लावून बघत आणि बाहेर येऊन सांगत, "थोडा हलल्यासारखा वाटतोय." असे तीन आठवडे गेले.

त्याच तीन आठवड्यांत सटाण्याला काकूंचे थोरले भाऊ अण्णा अंथरुणाला खिळले. आईवडील लवकर गेलेले, काकूंना त्यांनीच वाढवलेलं. फोन येत. काकू ऐकून घेत आणि "येते" म्हणत. गाडीचं त्या काकांना एका शब्दाने विचारत नसत. मग एका सकाळी अण्णा स्वतः फोनवर आले. काय बोलले ते कळलं नाही, पण काकू बाहेर आल्या, गाडीखालून डोकावणाऱ्या काकांच्या पायांपाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माले जानं शे."

आत पाना खाली ठेवल्याचं ऐकू आलं. मग आतून आवाज आला, "शे ना. जाऊ."

तासाभरात काका माझ्या दारात, हातात कुणाकडून तरी मागून आणलेली पत्र्याची कात्री. "सर, तुमचा हात स्थिर आहे. खूण तुम्ही करायची."

टाकीतलं पेट्रोल काढून लांब नेऊन ठेवलं. ठिणगी नको म्हणून ग्राइंडरला मनाई, सगळं काम हाताच्या ड्रिलने आणि कात्रीने. काकूंनी गॅस बंद केलाच, शेजारच्या चार घरांचाही बंद करायला लावला. कॉलनी त्या दिवशी केळी खाऊन राहिली.

काका गाडीखाली उताणे. टाकीच्या वरच्या फटीत बोटं घालून पंपाची वायर चाचपत माप सांगायचे. मी डिकीवर पालथा पडून, डोकं आत घालून खडूने खुणा करायचो. "डावीकडे नऊ इंच." केले. "मागे चार." केले. माप दोनदा तपासलं. मग काकांनी भोकं पाडली आणि कात्री लावली. पहिल्या कापाला त्यांनी डोळे मिटले, हे मी पाहिलं.

झाकण उचललं. खाली टाकीचा सपाट, कोरा पत्रा. पंपाचा पत्ता नाही.

उताणा माणूस आणि पालथा माणूस यांची डावी बाजू एक नसते, हे तेव्हा आमच्या ध्यानात आलं. काकांनी चष्मा कपाळावर चढवून भोक निरखलं. "सर, तुम्ही चित्रकला शिकवता ना?"

"आणि तुम्ही टूलरूममध्ये होता ना?"

फाटकाजवळून काकूंनी विचारलं, "दिसना का?" आम्ही दोघांनी माना खाली घातल्या. त्या जवळ आल्या, भोक पाहिलं आणि गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा हसल्या. "मंग आखो एक पाडा. सीटखाले कोन देखस?"

दुसरी खिडकी काकांनी झपाट्याने पाडली. बोट कापलं, तिकडे त्यांनी पाहिलंही नाही. दुपारी पंप बसला, दोन्ही भोकांवर झाकणं बसली, सीट जागेवर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सटाण्याला निघालो. वाटेत काही अडलं तर हाताशी असावा म्हणून मलाही घेतलं होतं. अण्णा आतल्या खोलीत होते. काकू उंबऱ्यापर्यंत गेल्या, आतला अंधार पाहून थबकल्या आणि माघारी येऊन गाडीत बसल्या. तोंडावर पदर. मग पुतण्यांनीच अण्णांची खाट उचलून अंगणात, गाडीला खेटून ठेवली. अण्णांनी हात वर केला. काकूंनी गाडीतूनच वाकून तो धरला. दोघं काय बोलत होते कोण जाणे, पण मधूनच अण्णा हसत होते.

काका लांब, लिंबाच्या झाडाखाली पाठ करून उभे होते. मी गेलो तर डोळे पुसत होते. लपवलंही नाही.

"अण्णा किती वाळलेत पाहिलंत? तीन आठवड्यांपूर्वी ते उठून बसत होते. अर्ध्या दिवसाचं काम होतं, सर. मी त्या दोघांचे तीन आठवडे घालवले."

मी त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहिलो.

त्यानंतर अण्णा अकरा दिवस होते. ते अकराही दिवस सकाळी सहाला लाल गाडी कॉलनीतून निघाली आणि दिवेलागणीला परत आली. नव्वद किलोमीटर जायला, नव्वद यायला. चौथ्या-पाचव्या दिवशी मी काकांना म्हटलं, "दमाल हो. काकूंना तिकडेच राहू द्या की थोडे दिवस."

"तिथल्या खोलीत तिला झोप लागत नाही," काका काच पुसत म्हणाले. "आणि सकाळी अण्णा वाट बघतात. मधलं अंतर तेवढं माझ्याकडे."