तलावाच्या काठची फट

आमच्या वारज्याच्या सोसायटीत पोहण्याची चड्डी सर्वांत नेमाने कोण घालतं? शिवराम आबा. वय बहात्तर. आणि पाण्यात आजवर एकदाही उतरलेले नाहीत.

'पोहण्याच्या पोशाखाशिवाय तलावाकडे येऊ नये' ही पाटी सेक्रेटरी म्हणून मीच लावलेली. आबांनी ती वाचली, मंडईत जाऊन निळी चड्डी आणली, डोक्यावरची टोपी तशीच ठेवली आणि रोज सकाळी काठावर गुडघे टेकून बसू लागले. काठाचे दगड आणि बाजूचं काँक्रीट यांच्यामधली फट पत्र्याच्या तुकड्याने खरवडायची, हा उद्योग.

"अहो आबा, कधी पोहा तरी!"

"पोहून फट बुजती व्हय?"

त्या फटीत आम्ही दर उन्हाळ्यात सिमेंट भरायचो आणि पावसाळा संपेतो ते तडकायचं. समितीत दोन सिव्हिल इंजिनियर, त्यामुळे निर्णय होण्याची भीती नव्हती. आबांचं एकच पालुपद, "दगूड एकीकडं हलतोय, काँक्रीट दुसरीकडं. मधी ताणणारं कायतरी घाला." शेवटी त्यांनी स्वतःच फोमची दोरी फटीत दाबून बसवली, वर रबरासारखं सीलंट भरलं आणि बोटाने सारखं केलं. विनापरवाना काम केलं म्हणून मी नोटीस दिली. त्यांनी ती घडी करून टोपीत ठेवली.

वर्षभर टिकलं हो! मग एका कोपऱ्यात काँक्रीटच दोन बोटं खचलं आणि कडेचा दगड डुगडुगायला लागला. त्यावरून तिसऱ्या मजल्यावरची छोटी ओवी पडली. हनुवटीला चार टाके.

सभेत सगळे आबांवर तुटून पडले. ते रबर काढा, चांगलं जाड सिमेंट ओता. आबा उठले.

"त्या कोपऱ्याखाली माझी हीर हाय."

सोसायटीची जमीन मूळची आबांची, हे ठाऊक होतं. विहिरीचं कोणालाच ठाऊक नव्हतं. बिल्डरने ती दोन दिवसांत राडारोड्याने बुजवली होती आणि आबांना गप्प राहायला सांगितलं होतं.

"माझं पोरगं म्हनलं, बोललात तर जमिनीच्या बदल्यात मिळालेला फ्लॅट जाईल. गप बसलो. वाटलं, मी हाय तवर फट भरत ऱ्हाईन, कुनाला लागायचं न्हाय." ओवीच्या आईकडे बघून त्यांनी हात जोडले. "लागलं. चुकलं माझं."

मग मागून कोणीतरी म्हणालं, "हे इतिवृत्तात नको. उद्या फ्लॅट विकायला काढला तर?" भराभर माना हलल्या. एवढं एकमत आमच्याकडे झेंडावंदनाच्या वेळेवरही झालेलं नाही. आणि लाज वाटते सांगायला, मी पेनाला टोपण लावलं.

आठवड्यात कोपऱ्यावर सिमेंट फिरलं आणि तलाव सुरू झाला. पावसाळ्यानंतर दगड पुन्हा हलू लागला. आबांशी आता कोणी बोलत नाही. मुलगाही नाही, फ्लॅटचा भाव पाडला म्हणून. सुट्टीच्या दिवशी पोरांचा धुडगूस चालतो, तेव्हा आबा त्या कोपऱ्यात भर उन्हात बसलेले असतात. परवा न राहवून विचारलं, "आबा, सावलीत तरी बसा. काय करताय इथं?"

"दगूड हलतोय न्हवं," ते म्हणाले. "मी त्याच्यावर बसलो की पोरं हितनं धावत न्हाईत."