इ., राहणार पुरानी बस्ती

इरावतीबाईंची नोकरी अठरा फॉर्मांवर अडली होती, आणि अठराच्या अठरा फॉर्म कोरे निघाले.

तेलीबांध्याच्या तळ्याकाठी एका कॉलेजात त्या एम.एड.च्या पोरांना विशेष शिक्षण शिकवायच्या. म्हणजे जी मुलं चारचौघांसारखी शिकत नाहीत त्यांना कसं शिकवायचं, ते. राज्य नवं, राजधानी नवी, तशा नोकऱ्याही अजून कच्च्याच. करार वर्षावर्षाचा. यंदा वरून हुकूम आला होता की विद्यार्थ्यांनी फॉर्मवर खुणा करून शिक्षकांना गुण द्यायचे, आणि ज्याला गुण नाहीत त्याला पुढचं वर्ष नाही.

बाई शिकवायच्या छानच हो, पण वर्गाला खिडकी होती ना! बोलता बोलता नजर तळ्याकडे गेली की बाई गेल्याच. दुपारचं ऊन पाण्यावर पसरलेलं, एखादी म्हैस नाकापर्यंत बुडालेली, आणि बाई त्या म्हशीच्या शेजारी निवांत. अर्धं वाक्य वर्गात लोंबकळत राहायचं. मग कुणीतरी हळूच खोकायचं आणि बाई दुसऱ्या गावाहून आल्यासारख्या खडू शोधायला लागायच्या.

शनिवारी कॉलेजचा बाबू भैय्यालाल याने गठ्ठा समोर ठेवला. "हव मॅडम, जम्मो कोरा," तो म्हणाला. एकाही फॉर्मवर खूण नव्हती. बाईंचा चेहरा उतरला. वर्षभर जीव ओतला आणि पोरांना एक साधी खूण करवली नाही! सोमवारी बारा वाजता प्राचार्य करारांवर सह्या करणार होते. घरी बाई वडिलांना काही बोलल्या नाहीत, आणि गंमत म्हणजे वडीलही दोन दिवस त्यांच्याशी धड बोलत नव्हते.

आता झालं होतं काय, ते ऐका. बाईंनीच पोरांच्या डोक्यात भरवलं होतं की चौकटीत खुणा करून माणूस कळत नसतो; त्याच्याकडे महिनाभर नीट पाहा, मग लिहा. मुलाचं नाव लिहू नका, एक अक्षर पुरे. वडिलांचं नाव-पत्ता मात्र पक्का लिहा, पालकांशिवाय शिकवण्याची योजना होत नाही. पोरं गुणी निघाली. त्यांनी खुणा केल्या नाहीत, बाईंवरच अकरा पानांचा अहवाल लिहून जोडला: 'इ., राहणार पुरानी बस्ती. वडील गंगाधर टेंभुर्णे, रेल्वेतून निवृत्त.' बाईमाणसाचं वय कसं लिहायचं, म्हणून तो रकाना सोडला. भैय्यालालने तो कुण्या मुलाचाच समजून फॉर्मांपासून सोडवला, कॉलेजात तपासणीला येणाऱ्या मुलांच्या फायलीत लावला आणि शनिवारच्या आधीच नियमाप्रमाणे पालकांना पत्र धाडलं.

पालकांना भेटायचं काम बाईंचंच. सोमवारी अकराला प्राचार्य नरहरी देशकरांच्या खोलीत त्या वही उघडून बसल्या, आणि दारातून इस्त्रीचा सदरा घातलेले गंगाधरराव आत आले.

"बाबा? तुम्ही काहून आले?"

"तुह्या शाळेतून बोलावणं आलं न," गंगाधरराव म्हणाले. "पस्तीस वर्षांनी पुन्हा आलं. म्हटलं, पोट्टीले कशाले सांगू, रडन."

देशकरांनी अहवाल मागवला आणि मोठ्याने वाचू लागले. 'इ. दिवसातून एकदा-दोनदा विषय सोडून खिडकीबाहेर पाहते. खोकल्यास परत येते. रागावल्यास येत नाही, म्हणून रागावू नये.' तिसऱ्या पानावर ते थबकले आणि चष्म्यावरून बाईंकडे पाहत राहिले. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

देशकर मात्र नियमाचे पक्के. ते म्हणाले, हेही मूल्यमापनच झालं. योजना वर्षभराची आहे, ती राबवायची तर इ. कॉलेजात हवी. पालकांनी सही केली तर करार वाढतो.

गंगाधररावांनी पेन परत सरकवलं. "हिले सुधरवायचं असन, तर मी सही नाही करत साहेब. चौथीत मास्तरनं खिडकीतून उठवून भिंतीपाशी बसवलं होतं. वर्षभर पोट्टी बोलली नाही."

झाली का पंचाईत! पालकाला गळ घालायची नाही, हेही बाईंनीच शिकवलेलं. बारा वाजायला आले. घड्याळाकडे पाहत बाई एवढंच म्हणाल्या, "बाबा, उद्देश शेवटच्या पानावर असतो. तेवढं वाचा, मग तुम्ही म्हणाल तसं."

गंगाधररावांनी पान डोळ्यांजवळ धरलं आणि बोट फिरवत वाचलं: 'महिन्यात इ. एक्केचाळीस वेळा बाहेर गेली. एकोणतीस वेळा परत येऊन तिने जे सांगितलं, ते आमच्या कुठल्याच पुस्तकात नाही. वर्षभराचा उद्देश: आम्ही खोकायचं नाही. वाट पाहायची.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग पेन मागून घेतलं आणि रेल्वेतल्यासारखी लांबलचक सही ठोकली. देशकरांनीही करारावर सही केली. बाई वही तोंडासमोर धरून रडत होत्या, आणि खूप आनंदात होत्या.

गंगाधरराव जायला उठले. देशकरांचा हात मात्र त्या अकरा पानांवरून निघेना. गंगाधरराव बाहेर पडताच त्यांनी उठून दार लावलं.

"मॅडम, अठ्ठावीस वर्षं झाली शिकवून राहिलो," ते हळूच म्हणाले. "ही पोरं माह्यं बी असं लिहितीन काय?"

"लिहितील की सर. पण पालक लागतील."

"आई आहे न," देशकर म्हणाले. "गुढियारीत राहते. ब्याऐंशीची झाली, पण शाळेनं बोलावलं म्हटलं तर ती येईन."