एकशे बारा भोकं

"दहा मिनिटांचं काम!" सूनबाईंनी छाती ठोकून सांगितलं.

बाळंतपणानंतर वर्षभरानं आज अकरा वाजता तिची ऑनलाइन मुलाखत होती, तीही नेटवर्कच्या सुरक्षेच्या नोकरीसाठी. आणि सकाळीच बातमी, की घरातल्या राउटरच्या सॉफ्टवेअरमध्ये भोक सापडलंय! सुरक्षेची नोकरी मागायची आणि आपलंच दार सताड उघडं? शोभतं का? राउटरच्या कंपनीनं ते बुजवणारा पॅच पाठवला होता. तिनं बटण दाबलं.

"बाबा, या राउटरला भोक आहे. त्यातून चोर शिरतात. पॅच लावलाय, तो बसेपर्यंत बंद मात्र करू नका हं!" सासऱ्यांना एवढं बजावून ती रडणाऱ्या चिमणीला पाजायला आत गेली.

आता सासरे म्हणजे चाळीस वर्षांचे मुरलेले प्लंबर! भोक म्हटलं की हात आपोआप हत्यारांच्या पिशवीत. त्यांनी चष्मा चढवला, राउटर उलटा केला आणि कपाळाला हात लावला. "एक कसलं? चाळणी आहे नुसती!"

आत चिमणीनं झोपेतही आईचं बोट असं घट्ट धरलं होतं, की सोडवून घेणं जिवावर आलं. ती बाहेर आली तेव्हा पावणेअकरा झाले होते, आणि राउटर दाढीचा साबण फासून बसलेल्या माणसासारखा पांढराफटक!

"बाबा! हे काय?"

"पुट्टी. बंद नाही हं केला! चालू ठेवूनच बुजवली. एकशे बारा, मोजून!"

"अहो, ती हवेची भोकं होती!"

"मग चोरांचं कुठलं?"

"ते दिसत नाही!"

"न दिसणारी गळती सगळ्यात वाईट," सासरे गंभीरपणे म्हणाले.

राउटर तव्यासारखा तापला होता. त्याचा शेवटचा दिवा एकदा मिणमिणला आणि गेला.

शेवटी मोबाइलचं इंटरनेट, कडेवर जागी झालेली चिमणी, अशी मुलाखत सुरू झाली. समोरच्या बाईंनी विचारलं, "नेटवर्क सांभाळताना सगळ्यात मोठी अडचण कोणती?"

मागून आवाज आला, "सूनबाई, निघत नाहीये गं! छिन्नी घालू का?"

लपवण्यात अर्थच नव्हता. तिनं सगळं सांगून टाकलं. बाई हसून हसून डोळे पुसायला लागल्या. "मग काय शिकलात?"

"आपण काय सांगितलं यापेक्षा समोरच्याला काय ऐकू आलं, ते आधी विचारायचं."

दुपारी फोन वाजला. बाईच होत्या!

"उत्तर आवडलं आम्हाला. पण निवड ठरायला आठवडा लागेल." बाई जरा घुटमळल्या. "आमच्या ऑफिसात महिनाभर पाणी गळतंय हो. तुमचे सासरे उद्याच रुजू होतील का?"

तिनं मागे वळून विचारलं. सासऱ्यांनी पिशवी खांद्याला लावलीच होती.

"होतो की! फक्त त्यांना विचार, भोक दिसणारं आहे ना?"