काटकर साहेबांचा धक्का

आमच्या अपार्टमेंटच्या फाटकाशी गाडी उभी करून तुम्ही इंजिन चालू ठेवलंत, तर पहिल्या मजल्यावरून एक उंच, वाळका माणूस पायात स्लिपर अडकवून खाली येतो, तुमच्या काचेवर बोटानं टकटक करतो आणि अत्यंत नम्रपणे म्हणतो, "धक्क्याला लागलात ना? मग इंजिन बंद."

ऐकणाऱ्याला पहिल्यांदा वाटतं, गाडीला कुणाचा तरी धक्का लागला. तो घाबरून खाली उतरतो, मागचा बंपर बघतो, पुढचा बघतो. तोवर काटकर साहेबांनी आत हात घालून किल्ली फिरवलेली असते.

विश्रामबागेत आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. फाटक माझ्या समोर. त्यामुळे साहेबांचे बहुतेक सगळे पराक्रम मी काउंटरवर कोपर टेकून पाहिलेले आहेत. एकदा नवरदेवाची सजवलेली गाडी फाटकात थांबली होती. आत नवरदेव फेट्यासकट एसीत बसलेला. साहेबांनी टकटक केली. नवरदेवाचा मामा खवळला. "ओ, तुमच्या बापाचं पेट्रोल जळतंय का?"

"पेट्रोल तुमचंच आहे," साहेब शांतपणे म्हणाले. "हवा दोघांची आहे."

इंजिन बंद झालं. नवरदेव मंगल कार्यालयात पोचला तेव्हा घामानं त्याच्या शेरवानीचा रंग बदलला होता म्हणतात.

सदाशिव काटकर मूळचे माण तालुक्यातले, दहिवडीच्या पलीकडचे. त्यांच्या गावातली बहुतेक माणसं पोटासाठी मुंबईला गेली. हे कोकणातल्या एका बंदरावर गेले. तिथं बंदर आणि जवळचा विमानतळ दोन्ही एकाच सरकारी प्राधिकरणाच्या ताब्यात होते आणि त्या प्राधिकरणाच्या पर्यावरण विभागात साहेबांची नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर सांगलीत फ्लॅट घेतला. माणूस निवृत्त झाला, पण बंदर काही त्याच्यातून निवृत्त झालं नाही.

ते धक्क्याचं प्रकरण त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं. जहाज धक्क्याला लागलं तरी आतले दिवे, पंखे, फ्रिज चालवायला त्याचं डिझेल जळतच राहतं. दिवसच्या दिवस धूर. मग यांच्या विभागानं किनाऱ्यावरून जाड केबल नेऊन जहाजाला वीज द्यायची सोय केली. जहाजानं यायचं, केबल जोडायची, इंजिन बंद करायचं.

"गावाएवढं जहाज प्लगवर चालतं, संजयराव," ते म्हणाले, "आणि तुमच्या गिऱ्हाइकाला दोन झेरॉक्सपुरती स्कूटर बंद करता येत नाही?"

तेव्हापासून माझं गिऱ्हाईक थोडं कमी झालं, ही गोष्टही खरी आहे.

समोर बांधकाम निघालं तेव्हा रस्त्याकडेला वाळूचा ढीग पडला. साहेबांना उघडा ढीग दिसला की त्यांच्या अंगावर पुरळ उठायचा तेवढा बाकी राहायचा. बंदरावर कोळसा उघडा ठेवायचा नाही, वर कापड टाकायचं, पाण्याचे फवारे मारायचे, असा त्यांचा नेम. त्यांनी आपल्या नळाला पाइप जोडला आणि रोज सकाळी ढिगावर पाणी मारायला सुरुवात केली. गवंडी दोन दिवस बघत राहिला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आवं काका, वाळू उगवनार हाय व्हय?"

"उडणार नाही," साहेब म्हणाले.

विमानतळाचाही अनुभव होता. कुणाच्या दाराबाहेरच्या कचऱ्याच्या बादलीला झाकण नसलं की ते बादली घेऊन त्या घरी जायचे. उघडा कचरा दिसला की घारी येतात, घारी आल्या की विमानाला धोका, असा त्यांचा सरळ हिशेब. तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णी बाई एकदा वैतागून म्हणाल्या, "अहो, आपल्याकडं विमान उतरतं कुठं?"

"उतरत नाही," साहेबांनी मान्य केलं. "पण आपण तयार असावं."

त्यांच्या बाल्कनीत एका टबात तिवराची रोपं होती. तिवर खाडीच्या खाऱ्या पाण्यात वाढतो. खाडी सांगलीत आणणं शक्य नव्हतं म्हणून साहेब टबात मीठ घालायचे. एवढं मीठ नेतात म्हणून कोपऱ्यावरचा वाणी त्यांना लोणच्याचे व्यापारी समजत होता आणि ठोक भावात देत होता. रोपं काही जगली नाहीत. साहेब नवी आणायचे.

सगळं असं हसत-खेळत चाललं होतं. मग दिलीपच्या व्हॅनचं प्रकरण झालं.

दिलीप आमच्या इमारतीतल्या मुलांना शाळेत नेतो. सकाळी व्हॅन फाटकात लावायची, इंजिन चालू ठेवायचं आणि हॉर्न वाजवत बसायचं, ही त्याची पद्धत. व्हॅन जुनी. धूर असा काळा की माझ्या काउंटरवरचे कागद करडे व्हायचे. साहेब रोज खाली यायचे. रोज टकटक. दिलीप रोज म्हणायचा, "साहेब, बंद केली तर परत चालू होत न्हाई ओ. ढकलायला तुमी येणार का?"

"येतो," साहेब म्हणायचे. आणि खरंच ढकलायचे. सत्तरीकडं झुकलेला माणूस स्लिपर घालून व्हॅन ढकलतोय आणि आत मुलं आनंदानं ओरडतायत, हा देखावा आम्ही बरेच दिवस पाहिला. शेवटी दिलीप कंटाळला. म्हणाला, ह्या फाटकावर येणार न्हाई. मुलांनी चौकापर्यंत चालत यावं.

आयांनी तक्रार केली. सोसायटीची बैठक पार्किंगमध्ये भरली. अध्यक्ष शेटे अण्णा. हळदीचे व्यापारी, माणूस सज्जन, पण मोठ्यानं बोलतात. अण्णा म्हणाले, "काटकर साहेब, तुमचं सगळं मान्य आहे. पण हे बंदर नाही. ही सोसायटी आहे. उद्यापासून कुणाच्या गाडीला हात लावायचा नाही. बरोबर आहे का?"

सगळे म्हणाले, बरोबर आहे. मीही म्हणालो.

मला वाटलं, आता साहेब कोळशापासून घारीपर्यंत सगळं सांगणार. ते फक्त "बरं" म्हणाले. खुर्ची घडी करून भिंतीला लावली आणि वर गेले.

दुसऱ्या दिवसापासून ते खाली आले नाहीत. व्हॅन येऊन भरपूर धूर सोडून जाऊ लागली. आम्हाला सुटल्यासारखं वाटलं पाहिजे होतं, पण तसं काही वाटेना.

चार-पाच दिवसांनी हौसाकाकू दुकानात आल्या. काटकरांच्या पत्नी. बाईंना मी फार कमी पाहिलं होतं. नऊवारी, डोक्यावर पदर, बोलणं गावचं. आधार कार्डाची झेरॉक्स काढायची होती. काउंटरपाशी पोचेपर्यंत त्यांना धाप लागली. मी स्टूल दिलं. बराच वेळ त्या नुसत्या खोकत बसल्या.

"काकू, डॉक्टरला दाखवलं का?"

"लय झाले डाक्टर," त्या म्हणाल्या. "ह्यो नवा न्हाई. लगीन झालं तवापास्नंचा हाय."

मी पाणी दिलं. त्या हळूहळू सांगू लागल्या.

लग्न झाल्यावर साहेब त्यांना बंदरावर घेऊन गेले होते. क्वार्टर कोळशाच्या वखारीला लागून. "धुनं वाळत घातलं की पांढरं लुगडं म्हशीवानी हुयाचं. भाकरी थापली तर पिठात काळं." वर्ष काढायच्या आतच काकूंचा श्वास कोंडायला लागला. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, ह्यांना इथं ठेवू नका. साहेबांनी त्यांना माणला आणून सोडलं. तिथं हवा कोरडी, धूर नाही. काकू बऱ्या झाल्या. पुन्हा गेल्या, पुन्हा श्वास कोंडला, पुन्हा परत आल्या.

"मग?"

"मग काय. ह्ये तिकडं, मी हिकडं. शेरडं राखली. जत्रंला यायचे, दिवाळीला यायचे."

साहेब तेव्हा बंदराच्या भांडार विभागात होते. त्यांनी स्वतः अर्ज करून पर्यावरण विभागात बदली मागितली. त्या विभागात कुणी जात नसे. खुर्ची होती, काम नव्हतं, मान तर नव्हताच. साहेब गेले आणि कोळशाच्या मागे लागले.

"दर साली सुट्टीला आले की म्हनायचे, हौसा, औंदा कोळसा झाकला. पुढल्या सालाला तुला न्हेतो. पुढल्या सालाला म्हनायचे, आता जहाजाचा धूर तेवढा ऱ्हायलाय." काकू हसल्या. हसताना पुन्हा खोकला आला. "मला वाटायचं, मानूस नुसतं बोलतंय. तिकडं दुसरं काय तरी आसंल. बायका आसंच म्हनायच्या गावातल्या."

"आणि इथं?"

"हितं दवाखाने जवळ म्हनून आनलं. खिडकी फाटकावर. सकाळी त्यो धूर आत आला की मला बसवत न्हाई. मी म्हनलं, जाते गावाकडं, तुमी ऱ्हावा हितं. तर म्हंत्यात, थांब, हवा सुधारतो."

"मग बैठकीत साहेब हे बोलले का नाहीत?"

काकूंनी पदर सारखा केला. "आवं, चारचौघात बायकूचं नाव काढून भांडायचं म्हंजे... लाजत्यात ते."

त्या संध्याकाळी मी शेटे अण्णांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. अण्णा ऐकून घेईपर्यंत चकार शब्द बोलले नाहीत, हेच मोठं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः फाटकात उभं राहून दिलीपला पलीकडच्या मोकळ्या मैदानाकडं पाठवलं. मुलांना रस्ता ओलांडून द्यायला आया आळीपाळीनं उभ्या राहू लागल्या. मग अण्णा हळदीची पिशवी घेऊन काटकरांच्या दारात गेले. "वहिनींना दुधातून द्या," एवढं म्हणून ते जिना उतरून आले. पिशवी पाच किलोची होती. एवढी हळद प्यायची तर काकूंना म्हैस पाळावी लागली असती.

साहेबांनी मला काही विचारलं नाही. दुकानासमोरून जाताना थांबले, काउंटर बघून म्हणाले, "धूळ कमी झाली तुमच्याकडं," आणि गेले.

त्यानंतर काही दिवसांनी मी झेरॉक्स द्यायला काटकरांच्या घरी गेलो होतो, तेव्हा प्राधिकरणातून फोन आला. बंदरावर दुसऱ्या धक्क्यालाही विजेची जोडणी सुरू होणार होती. जुन्या माणसांना बोलावलं होतं. साहेब म्हणाले, "नको. तिथं आता माझं काय काम." आतून काकू म्हणाल्या, "मी येते."

साहेबांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. जन्मभर ज्याला बोलावलं तो पाहुणा खरंच दारात उभा राहिला की माणूस कसा गडबडेल, तसे ते गडबडले.

एसटीचा प्रवास काकूंना झेपला नसता, म्हणून मी माझी गाडी काढली. मागच्या सीटवर काकू खिडकीला डोकं टेकून होत्या.

कार्यक्रम छोटा होता. नारळ, टाळ्या, चहा. मग साहेबांनी काकूंना धक्क्यावर नेलं, मी दोन पावलं मागं. समोर प्रचंड जहाज उभं. साहेब दुसऱ्या कुणाबरोबर असते तर त्यांनी तासभर भाषण दिलं असतं. इथं ते हात मागं बांधून गप्प उभे होते. काकूच बोलल्या.

"ह्यो चालू हाय का बंद?"

"बंद हाय."

"आवाज न्हाई म्हनून इचारलं." मग थोड्या वेळानं, "कोळसा कुटं गेला?"

साहेबांनी लांबवर एका झाकलेल्या शेडकडं बोट केलं. तिकडून वारा येत होता. काकूंनी पदर नाकाला लावला नाही. त्या तशाच उभ्या राहून श्वास घेत होत्या, सावकाश, तपासून घेतल्यासारखा.

"ह्ये कवा झालं?"

"मी रिटायर झालो त्याच्या आदल्या वर्साला."

"आन् मंग बोलावलं का न्हाई?"

"वरीसभर तरी बघावं म्हनलं, टिकतंय का." साहेब जहाजाकडं बघत म्हणाले. "तुला आनून परत न्हेऊन सोडायचं... ते पुन्यांदा नगं वाटलं."

काकू तिथल्या एका बाकावर जाऊन बसल्या.

दुपारी मी निघायची तयारी करत होतो तेव्हा साहेब गाडीपाशी आले. इकडं-तिकडं बघून हळू आवाजात म्हणाले, "संजयराव, ही म्हणते, एक रात्र राहू. गेस्ट हाउसला खोली मिळतेय."

"राहा की."

"पण तिनं दुसरं लुगडं आणलेलं नाही. बाजारातून घ्यावं लागेल." ते थांबले. "मी कधी घेतलेलं नाही. पैसे पाठवायचो, ती घ्यायची. रंग कुठला घेतात?"

"काकूंनाच विचारा," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. हे त्यांना पटल्यासारखं वाटलं.

मी एकटाच सांगलीला आलो. एका रात्रीसाठी राहिलेले ते दोघं आले पुढच्या आठवड्यात. मी दुकान उघडत होतो. काकू भाड्याच्या गाडीतून उतरल्या. अंगावर नवं लुगडं होतं. भडक जांभळं, त्यावर पोपटी काठ. डोळ्याला बघवत नव्हतं.

साहेब पिशव्या घेऊन वर गेल्यावर काकू काउंटरपाशी आल्या.

"ह्यांनी निवडलं," त्या म्हणाल्या. "मला इचारलंच न्हाई. दुकानात लय येळ एकटेच बघत हुते. मी बी काय बोलले न्हाई."

आणि काठावरून हात फिरवत जिना चढू लागल्या.