बादल्यांच्या आडून

दुकानातल्या बादल्यांच्या उतरंडीमागे ताई दबा धरून बसल्या होत्या. मागे सरकताना त्यांचा पाय कुणाच्या तरी पायावर पडला.

"आई गं!"

आवाज ओळखीचा निघाला. "काकू, तुम्ही?"

"आणि तुम्ही हो ताई? काल मला बजावलंत ना, दुकानाकडे फिरकायचंसुद्धा नाही म्हणून!"

"ते तुम्हाला बजावलं. स्वतःला बजावायचं राहून गेलं."

काकूंचा मुलगा नाना. लहानपणापासून चेहरा गंभीर, म्हणून घरात नाना. इतरांना सांगून कळतं ते त्याला पुन्हा पुन्हा करून बघावं लागे, त्यामुळे शाळा संपल्यावर कितीतरी वर्षं तो खिडकीतून कामावर जाणारी माणसं बघत बसला. ताईंची संस्था अशा मंडळींना गावातच नोकरी मिळवून द्यायची आणि ती टिकेपर्यंत पाठीशी उभी राहायची. या मोठ्या दुकानात फळ्यांवर माल लावायचं काम नानाला मिळालं होतं, आणि आज उमेदवारीचा शेवटचा दिवस होता. मॅनेजरसाहेबांची अट सरळ होती. "आज एकट्याने जमवलं, तर कायम. मला माणूस एक हवाय, तीन नकोत."

म्हणजे इथे आपण सापडलो तर नानाच्या नोकरीवर आपणच पाणी फिरवलं, हे दोघींनाही कळत होतं. कळत होतं म्हणूनच दोघी आणखी खाली वाकल्या, आणि वाकताना काकूंची पर्स तळच्या बादलीच्या कडीत अडकली.

काकूंनी ती हिसका देऊन ओढली. पुढचं सांगायलाच नको. लाल, निळ्या, हिरव्या बादल्या गडगडत पार साबणांपर्यंत गेल्या. आवाजाने वॉचमन धावत आला, तर समोर दोन बायका. एकीच्या डोळ्यांवर छपराखालीही काळा चष्मा, दुसरीच्या डोक्यावर बादली.

"कोण तुम्ही? मघापासून बघतोय, हातात काही सामान नाही!"

"गिऱ्हाईक," काकू म्हणाल्या.

"आणि आम्ही एकमेकींना ओळखतही नाही," ताईंनी बादलीतून न विचारताच सांगून टाकलं.

वॉचमनने दोघींच्या घट्ट धरलेल्या हातांकडे पाहिलं. "चला मॅनेजरसाहेबांकडे."

"नको!" दोघी एका सुरात ओरडल्या, आणि वॉचमनची उरलीसुरली शंकाही फिटली.

एवढ्यात ट्रॉली ढकलत नाना आला. काकूंनी पर्स तोंडापुढे धरली. नानाला खोटं बोलता येत नसे. घरी पाहुणे आले, की "तुम्ही कधी जाणार, असं आई विचारत होती," हे तो त्यांना तोंडावर सांगायचा.

"नाना, ह्या बायकांना ओळखतोस का रे?" वॉचमनने विचारलं.

"हो," नाना म्हणाला. काकूंनी चष्म्याआड डोळे मिटून घेतले. "पण आत्ता मी कामावर आहे. दुकानात आलेलं माणूस म्हणजे गिऱ्हाईक."

त्याने ताईंच्या डोक्यावरची बादली अलगद उचलली. "लागलं का तुम्हाला?"

"न... नाही."

"मग बाजूला उभ्या राहा. लोकांना जायला वाट पाहिजे."

ट्रॉली आडवी लावून त्याने पसारा झाकला आणि एकेक बादली गोळा केली. तडा गेलेली वेगळी काढली. उंच उतरंडीऐवजी दोन बुटक्या रचायला घेतल्या. ताईंचे हात शिवशिवत होते. शेवटी राहवेना. "अरे, ती निळी आधी..."

"मॅडम, मला करू द्या."

ताई गप्प झाल्या. त्यांना आजवर बऱ्याच जणांनी गप्प केलं होतं, पण त्याचा आनंद होण्याची ही पहिलीच वेळ.

मॅनेजरसाहेब केव्हाचे मागे उभे होते. "नाना, ह्याच का त्या?"

"हो साहेब. ही आई. ह्या ताई. मी सकाळीच म्हटलं होतं ना, येतील."

दोघींनी आ वासला. साहेब हसले. "सकाळी कामावर आल्या आल्या मला सांगून ठेवलंय याने, दोघी कुठेतरी लपतील, रागावू नका. मी म्हटलं, सरळ बाहेर काढतो. तर मलाच समजावत बसला."

"एकदम सोडलं की माणूस घाबरतं," नाना म्हणाला. "ताई पण मला सोडून एकदम नाही गेल्या. आधी एक पाऊल मागे, मग फळीच्या टोकाला, मग दारापाशी. ह्यांचंही तसंच करायचं. आज बादल्यांपर्यंत. उद्या दारापर्यंत. मग घरी."

"असा माणूस मी सोडीन होय?" साहेबांनी त्याचा हात हातात घेतला. "नाना, तू आजपासून कायम. ह्या दोघी मात्र अजून उमेदवारीवर."

नानाने मान डोलावली आणि तो साबणांकडे निघून गेला. काम पडलं होतं.

दारापाशी काकूंनी चष्मा काढून डोळे पुसले. "माझा मुलगा आहे तो," त्यांनी वॉचमनला सांगितलं.

"मी शिकवलंय त्याला," ताई म्हणाल्या.

"मघाशी तर तुम्ही एकमेकींनाही ओळखत नव्हता!"

पण ऐकतंय कोण! आत येणाऱ्या प्रत्येकाला दोघी अडवून सांगू लागल्या, "आधी बादल्या बघून या. कशा लावल्यात बघा. कायम झालाय तो!" दारात ही गर्दी झाली. अखेर हातातलं काम टाकून नानाला बाहेर यावं लागलं. त्याने दोघींकडे पाहिलं, जरा विचार केला.

"आई, ताई," तो म्हणाला, "उद्या दारापर्यंतसुद्धा नको. रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंतच."