एका ओळीची खिडकीवरील मोहीम

साक्षीदारांस पुसून, पदरचे काही न घालता, एका ओळीने तीन मुलूख कैसे जिंकिले ती हकीकत ऐसीजे.

आईसाहेब, बाळंतरजेवरून नुकत्याच कामी रुजू, यांणी लसीकरणाच्या दवाखान्याकरिता पायथन नामे संगणकभाषेची एकच ओळ रचिली. ती यंत्राच्या आज्ञेच्या काळ्या पडद्यावर लिहिताच डोस चुकलेल्या बाळांची यादी हजर होई. ओळ आईसाहेबांच्या पेंग्विनछाप, म्हणजे लिनक्सच्या, यंत्रावर चालली, आणि कचेरीचे सरदार, किताब टीमलीड, यांच्या सफरचंदछाप यंत्रावर चालली, आणि मग दवाखान्यातील नोंदणीबाईंच्या खिडकीछाप, म्हणजे विंडोजच्या, यंत्रावर चाल करून गेली, आणि पहिल्याच हल्ल्यात गारद जाहली.

टीमलीडांणी खुर्चीवरून न हलता फर्मान सोडिले की, आमचेकडे चालते, सबब दोष दवाखान्याचा, त्यांणी यंत्र बदलावे. आणि पाचाचे आत यादी न निघाल्यास काम दुसऱ्यास सोपवून आईसाहेबांस विश्रांती द्यावी, बाळ लहान आहे. ऐसे दयाळू.

घरीच एक पाय बाळाच्या झोळीस आणि एक कान फोनास लावून आईसाहेबांणी नोंदणीबाईंकडून पडद्यावरील मजकूर वाचून घेतला, तेव्हा उमगले की, ओळीच्या दोन्ही टोकांस एकेरी अवतरणचिन्हांचे पहारे, आणि खिडकीच्या मुलखात एकेरी पहारेकऱ्यास कोणी हिंग लावून पुसत नाही. सबब ओळ पहिल्याच मोकळ्या जागी दुभंगे. मग दुहेरी पहारे बसविले, तो आत आधीच दुहेरी ठाण मांडून होते, आणि कोण आतला कोण बाहेरला याचा पत्ता न राहून अधिकच दाणादाण उडाली.

झोळीत चुळबुळ जाहली. सासूबाईंणी दारातून पृच्छा केली की, अजून किती वेळ. घड्याळी पावणेपाच. तेव्हा आईसाहेबांणी पडद्यावरील लढाईच सोडिली, तीच ओळ लहानशा फायलीत ठेविली, तेथे पहाऱ्यांची गरज नसल्याने टोकांचे पहारे बरखास्त केले आणि फाईल रवाना केली.

फोनातून नोंदणीबाई वदल्या: "आली हो ताई, तेवीस नावं. लावते एकेकाला फोन."

टीमलीडांणी तत्काळ सर्वांस मेल धाडिली की, माझ्या मार्गदर्शनाखाली तोडगा निघाला. नोंदणीबाईंणी सर्वांस दिसेल ऐसाच जबाब लिहिला: "सर, तुम्ही तर मला कॉम्प्युटर बदला म्हणालात. यादी ताईंनी काढून दिली. पुढचं कामही त्यांच्याकडेच राहू द्या."

त्यावर टीमलीडांणी पसंतीचा एक अंगठा उमटविला. तोच तहनामा समजोन काम आईसाहेबांकडे कायम जाहले.